अडतीस दिवसांनी घरी

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मोती,

पाकीट बघून घाबरू नकोस. कोर्टाचं नाही, बँकेचं नाही, माझंच आहे. तुला फोनवर काही लिहिलं की तुझी चिमी ते सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवते. परवा मी ‘पाठ कशी आहे?’ एवढंच विचारलं, तर मागून तुझ्या भूपेशचा आवाज आला, “आईच्या पाठीला काय झालं?” तुझी नात हुशार आहे, पण आपल्या दोघींचं बोलणं काही तिच्या वाचनाच्या सरावासाठी नाही. तेव्हा मी आता पत्रच लिहिणार. तूही लिही. चौदा वर्षं तुझ्या शाळेच्या व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी बसून मी मराठीच्या वह्या तपासल्या. त्या हलत्या गाडीत पोरांची अक्षरं लागली, तर तुझंही लागेल.

घरी येऊन पाच दिवस झाले. सहा हजार दोनशे किलोमीटर आपण गेलो आणि आलो, हे कुणाला सांगितलं तर मलाच खोटं वाटतं. पहाटे साडेपाचला जाग येते. दात घासून ब्रश पिशवीत टाकते. सोमवारी तर टॉवेलची घडी घालून पिशवी दाराशी नेऊन ठेवली आणि मग आठवलं की आज कुठेच जायचं नाही. ह्यांच्या फोटोला हार घातला, गाडी पुसली, आणि नऊलाच दिवस संपला.

बाकी इथे माझं फार कौतुक चाललंय. बिल्डिंगमधल्या बायका एकामागून एक येतात. काल कच्छचे फोटो बघायला सात जणी होत्या, चहा करून करून हात दुखला. अमृतसरचं सांगायला तर वेळच मिळत नाही. पुष्करचाही पुण्याहून रोज ‘आई, कशी आहेस?’ म्हणून फोन असतो.

तुझ्या घराचं काय? बिकानेरला काय आणि अमृतसरला काय, रोज जेवताना तुझं एकच, “माझ्याशिवाय घर कोलमडलं असेल.” कोलमडलं का?

तुझी,
उमाबाई


उल्हासनगर कॅम्प ५
२७ फेब्रुवारी

बाईंना मोतीचा नमस्कार.

तुमचं पाकीट आलं तेव्हा आमचे हे जेवत होते. “उघडू नको, भूपेशला बघू दे” बोलले. मी बोलली, बाईंचं अक्षर हाय, उघडायला काय होतंय. आता लिहायला बसली तर चिमी विचारते, “आजी, तुला होमवर्क दिला का?” सातवी पास बाईचं पत्र हाय, लाल पेन हातात घेऊ नका एवढंच सांगते.

घराचं काय सांगू बाई. बोलली होती ना मी, तस्संच झालं. मी नसताना घराची पार वाट लागली. भूपेश अर्धा झालाय. आमचे हे रोज दारात बसून रस्त्याकडे बघायचे असं शेजारीण सांगते. उन्नती तर मला बघून रडायलाच लागली, सुनेला एकटीला घर झेपलं नाय. पहिल्याच दिवशी मी सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या, तर सगळे गप्प. तोंडातून शब्द नाय, नुसते खातायत. एक मसाल्याचा डबा जागेवर नव्हता, ते सगळं परत लावून घेतलं. तेव्हापासून गॅसपुढून उठायला फुरसत नाय.

फक्त एक हाय, हात स्टिअरिंग मागतात. भाजी चिरताना डावा पाय आपोआप क्लच दाबतो. शाळेने बसगाड्या घेतल्या आणि मी व्हॅन विकली, तेव्हा पण असं झालं नव्हतं.

दुपारी आडवी झाली की ते गुजरातचं खाराघोडा दिसतं. तुम्ही नकाशा उलटा धरलात म्हणून आपण मिठागरात घुसलो. मी तुमच्यावर ओरडत होती आणि ओरडता ओरडता गप्प झाली, आठवतं? तो म्हातारा लांब दांड्याने मीठ ओढत होता. माझा आजा असाच ओढायचा, आमचं आगर होतं तेव्हा. त्याची बायको मला विचारते, तू कोण? मी बोलली आगरी. ती बोलली आम्ही अगरिया. मग दोघी हसत बसलो, भाषा येत नसताना पण. तो चहा खारट होता, तरी दोन कप प्यायली मी.

तुमचे फोटो बघायला येणाऱ्या बायांना माझा नमस्कार सांगा.

मोती


हेंद्रेपाडा
६ मार्च

प्रिय मोती,

लाल पेन कपाटात टाकून दिलंय. पत्र छान लिहिलंस. मिठागराचं दोनदा वाचलं.

पण तू एवढं काम करू नकोस गं. मी काय म्हणते, आपण परत निघू या का? एप्रिलमध्ये हंपी करू, तिथून खाली रामेश्वर. तेवढं नको असेल तर निदान रोज दुपारी इकडे येत जा. बारा ते चार म्हण. रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता. इथे बायका असतात, पण तू आलीस तर मजा वेगळी. अडतीस दिवस बाहेर राहिलेल्या माणसाने एकदम घरात कोंडून घेऊ नये, पाय आखडतात. हे मी माझ्याच मनाने म्हणतेय, कुणाचं ऐकून नाही.

उन्नतीवर ओरडत नाहीस ना? गुणाची पोर आहे. आणि किती सुबक शिवते! माझ्या नव्या पिशवीला खालच्या मजल्यावरच्या माईंनी दोनदा हात लावून बघितला.

लवकर कळव. दुपारी बारा ते चार, नक्की.

तुझी,
उमाबाई


उल्हासनगर कॅम्प ५
११ मार्च

बाई,

माझ्या घरात शिवणाची मशीन नाय. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, उन्नतीने माझ्यासमोर कधी बटन पण लावलं नाय. मग ती सुबक शिवते हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि कुठली नवी पिशवी?

मी चिमीला समोर बसवलं. पोर खोटं बोलत नाय. “आई मला घेऊन स्कूटीवरून बदलापूरला बाईंकडे गेली होती. मला बिस्किटं दिली. आईने विचारलं, तुम्ही दोघी परत कधी जाणार?”

म्हणून हंपी काय. म्हणून बारा ते चार काय.

बाई, राजस्थानच्या त्या फुटक्या रस्त्यांवर मी तुम्हाला ब्रेकचा धक्का लागू दिला नाय. तुम्हाला ताप आला तेव्हा दोन दिवस गाडी उभी करून उशाशी बसली. आणि तुम्ही माझ्या सुनेला मिळून मला माझ्याच घरातून बाहेर काढताय?

गाडीची दुसरी चावी माझ्या पर्समध्ये राहिलीय. भूपेश आणून देईल. पत्र लिहू नका. त्यापेक्षा चिमीने मोठ्याने वाचलेलं परवडलं.

मोतीबाई हरिचंद्र


हेंद्रेपाडा
१३ मार्च

मोती,

चावी मिळाली. तुझा ‘अर्धा झालेला’ भूपेश माझ्या दारात मावत नव्हता. पाणीही न घेता गेला.

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितेय. वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल, पण वाच.

उन्नती आली ती रविवारी सकाळी. कापडी पिशवी पुढे केली, “काकू, तुमच्यासाठी शिवली.” मग चहाचा कप हातात घेतला आणि एकदम म्हणाली, “तुम्ही दोघी परत कधी जाणार?”

मी म्हटलं, “का गं, सासू नकोशी झाली?”

तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “तसं नाही हो काकू. आई नव्हत्या तेव्हा मी माहेरची मशीन आणली. पुढच्या खोलीत, आईंचा दिवाण आहे ना, तो सरकवून खिडकीपाशी लावली. उजेड तिथेच आहे. कॅम्प दोनच्या एका सिंधी शेठने पिशव्या शिवायला दिल्या, त्याला शिलाई आवडली. आता दर आठवड्याला माल देतो बोलतोय. पण आई आल्या. मशीन माळ्यावर टाकलीय, साडीत गुंडाळून. दुपारी त्यांचा डोळा लागला की स्वयंपाकघरात बसून हाताने शिवते. अशा किती होणार?”

“मग तिला सांग की.”

“आईंना?” ती अशी बघायला लागली जणू मी तिला विहिरीत उडी मार म्हटलं. “त्या ओरडल्या तरी चालेल काकू. पण त्या गप्प बसल्या तर?”

तुला सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मग मी शहाणपणा केला. सांगायचं नाही, पण तुला बारा ते चार घराबाहेर काढायचं, म्हणजे तिची मशीन खाली येईल. सरळ तुझ्याकडे येऊन बोलायला हवं होतं. चुकले मी. तुझं मन दुखावलं याचं फार वाईट वाटतंय.

आणि खोटंच निघालंय तर बाकीचंही सांगून टाकते. माझ्याकडे फोटो बघायला कुणी येत नाही. सात जणी नाहीत, एकही नाही. माई एकदा लिफ्टपाशी भेटल्या. म्हणाल्या, “गावाला गेला होतात का? तुमच्या दाराला दुधाची पिशवी दिसत नव्हती.” मी अमृतसर म्हणेपर्यंत त्यांची लिफ्ट आली. गेल्या आठवड्यात सिलिंडर घेऊन माणूस आला, त्याला मी बिकानेरपर्यंत सांगितलं. तो सही घेऊन पळाला. आणि पुष्करचा फोन रोज नाही, रविवारी येतो.

आणखी एक आहे, ते तुला अडतीस दिवसांत सांगितलं नाही. आपण निघण्याआधीच मी पुष्करला होकार दिला होता. हा फ्लॅट विकायचा, ह्यांची गाडी विकायची आणि मी पुण्याला त्याच्याकडे जाऊन राहायचं. सुनेने, ऋताने, माझ्यासाठी एक खोली रंगवूनही घेतली आहे. दोघं चांगली आहेत, त्यांना माझी काळजी वाटते. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, एकटीने इथे काय करायचं, असं मलाही वाटत होतं. म्हटलं, जाण्याआधी एकदा ह्यांच्या गाडीतून लांब फिरून येऊ, म्हणजे मन भरेल.

मन भरलं नाही, मोती. उलटच झालं. काल एजंट गिऱ्हाईक घेऊन आला, तर मी आत असून दार उघडलं नाही. बासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका, स्वयंपाकघराच्या दारामागे श्वास रोखून उभी होती. शेवटी ते दोघे गेले.

हे सगळं तुला तोंडावर सांगायला जमलं नसतं.

उमा


उल्हासनगर कॅम्प ५
२१ मार्च

बाईंना नमस्कार.

पत्र लिहू नका बोलली होती तरी लिहिलंत, बरं केलंत. होळी झाली म्हणून आठ दिवस गेले. आणि मला लिहायला पण धीर होत नव्हता.

आधी माझं खोटं ऐका. मी आली तेव्हा घर चकचकीत होतं. दारात कोणी बसलं नव्हतं. आमचे हे गच्चीवर पत्ते खेळत होते, मला बघून बोलले, “आज यायची होतीस का?” मसाल्याच्या डब्यांवर उन्नतीने नावं लिहून चिकटवली होती. मी ते सगळे काढून जुन्या जागी लावले आणि आता मलाच हळद सापडत नाय. आणि बोंबलाच्या कालवणावर सगळे गप्प का होते माहिती? उन्नतीने माझ्यासाठी आधीच कोंबडी केली होती. मी बघितलं नाय, सरळ पदर खोचून लागली कामाला. बिचारे दोन दोन जेवणं संपवत होते.

बाई, गाडी चालवताना मी रोज बोलायची, घर कोलमडलं असेल. खरं सांगते, कोलमडावं असं वाटत होतं मला. थोडं तरी.

आता पुढचं. तुमचं पत्र वाचलं आणि पहिली मला माझी सासू आठवली. मी व्हॅन चालवायला लागली तेव्हा ती सकाळी चावी तांदळाच्या डब्यात लपवायची. बाईमाणूस गाडी चालवणार, गावात तोंड कसं दाखवायचं. सहा वाजता पोरं उभी असायची आणि मी कोपरापर्यंत हात तांदळात घालून चावी शोधायची. तेव्हा रडत रडत बोलली होती, माझी सून आली तर मी असं करणार नाय. आणि मी काय लपवलं नाय, काय बोलली नाय, तरी माझ्या सुनेने मशीन माळ्यावर लपवली. म्हणजे माझ्या चेहऱ्यावरच काय तरी असणार. हे मला लई लागलं.

उन्नती बाजारात गेली होती. मी शिडी लावली आणि चढली. आमचे हे खालून ओरडतायत, “गुडघा जाईल तुझा!” मी बोलली, शिडी धरा, तोंड बंद ठेवा. मशीन होती. माझ्याच जुन्या हिरव्या साडीत, बाळासारखी गुंडाळलेली. दोघांनी मिळून खाली घेतली, त्यांची कंबर पण गेली आणि माझा गुडघा पण.

तेवढ्यात उन्नती दारात. हातातली भाजीची पिशवी सुटली, कांदे सगळ्या खोलीत.

“आई, मी तुम्हाला सांगणारच होते.”

“कवा? मी वर गेल्यावर?”

ती कांदे गोळा करायला वाकली.

मी बोलली, “दिवाण कुठं सरकवायचा ते सांग.”

“आई, तिथून तुम्हाला रस्ता दिसतो...”

“अडतीस दिवस रस्ताच बघत होती मी. पुरे झाला. पलीकडून उचल.”

मग ती रडायला लागली. मी बोलली, रडत रडत उचललंस तरी चालेल, पण उचल. उचलता उचलता मी पण रडली. तुम्हाला सांगते, कॅम्पात सांगू नका.

दिवाण आता मागच्या खोलीत हाय. तिकडे वारा नाय. दुपारी मशीन खडखडते, झोप लागत नाय. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जागीच हाय तर मी मुद्दाम बघितलं, काम किती निघतं. एका दिवसात चाळीस पिशव्या निघतात बाई! आणि माल कॅम्प दोनला पोचवायला माणूस नाय. भूपेश कामाला जातो, स्कूटीवर गठ्ठा मावत नाय.

तर माझं म्हणणं असं. तुमच्याकडे गाडी उभी हाय. मला ती चावी परत द्या. मी खालीपिली भाकऱ्या थापून सगळ्यांना दोन दोन जेवणं खायला लावते, त्यापेक्षा माल पोचवीन.

आणि पुण्याचं. मुलगा तुमचा, घर तुमचं, मी थांबा बोलणार नाय. जायचं असेल तर बिनधास्त जा. पण दारामागे लपून बसायचं नाय, ते आपल्याला शोभत नाय. मी सांगू काय करा? गाडी शिका. मी शिकवते. मग पुण्याला गेलात तरी कोणाला ‘मला जरा तिकडे सोड’ असं बोलायला नको. बासष्ट वय तर बासष्ट. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते काढून ठेवा. सोमवारी येते.

आणि मी तुम्हाला ‘घरातून बाहेर काढताय’ असं लिहिलं ते विसरून जा.

मोती


हेंद्रेपाडा
१८ एप्रिल

प्रिय मोती,

रोज भेटतोय तरी लिहितेय, कारण समोर बोलायला गेलं की तू मध्येच गिअर सांगतेस.

पस्तीस वर्षं मी शिकवत आले, पण तुझ्यासारखी मास्तरीण मी कधी नव्हते याबद्दल देवाचे आभार. “बाई, गाडी डोक्याने नाय, पायाने चालते.” “बाई, आरशात केस बघायचे नाय, रिक्षा बघायची.” काल त्या म्हशीसमोर मी पाच मिनिटं थांबले तर तू खाली उतरून म्हशीची माफी मागितलीस! शिकाऊ लायसन्स आलं त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला होता, तो तू तीन आठवड्यांत वसूल केलास.

पण एक सांगायचं राहिलं. रविवारी आपण अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यावर सराव करत होतो आणि एका गेटसमोर गाडी बंद पडली. तू विचारलंस, “काय झालं, चेहरा का असा?” मी म्हटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतं. ते ह्यांच्या कंपनीचं गेट होतं. सव्वीस वर्षं हे तिथे आत जात होते. रिटायर झाले तेव्हा गाडी घेतली आणि तीनदा मला म्हणाले, “उमा, तू शीक, मग मी शेजारी बसून पेपर वाचीन.” मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. एकदा वह्यांचं कारण, एकदा गुडघ्याचं, एकदा काय ते आठवतही नाही.

तू फक्त म्हणालीस, “क्लच दाबा, चावी फिरवा, चला.” ते बरं केलंस.

मी गाडी शिकतेय हे पुष्करला फोनवर सांगितलं. आधी ‘तू?’ असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, “आई, पण कशाला?” मी गॅस बंद करायचं निमित्त करून फोन ठेवला. दहा मेला तो येतोय, फ्लॅटचं नक्की करायला. त्याच्या आत मला पक्कं लायसन्स हवंय. का हवंय ते विचारू नकोस.

उमाबाई


उल्हासनगर कॅम्प ५
१ मे

बाई,

नापास झालात तर झालात. तोंड एवढं काय पाडायचं? तुम्ही किती पोरांना नापास केलंत, एक तरी मेलं का?

त्या साहेबासमोर तुम्ही रिव्हर्स घेताना डोळे मिटले. मी लांबून बघत होती, माझा जीव गेला. डोळे मिटून कोणी मागे जातं का? पण बाकीचं एकदम बरोबर होतं. साहेब पण बोलला, “आजी, आठवड्याने या, जमेल.” तो आजी बोलला त्याचा राग तुम्हाला जास्त आलाय, मला माहिती हाय.

उन्नतीने पाठवलेले खोबऱ्याचे लाडू खा. तिला आता अजून एक मशीन पाहिजे, शेजारची जिज्ञासा येणार शिवायला. पुढच्या खोलीत जागा नाय. आमचे हे बोलले, मग मी पण गच्चीवरच राहायला जातो. मी बोलली, जा.

उद्यापासून नुसतं रिव्हर्स. रोज एक तास. डोळे उघडे.

मोती


हेंद्रेपाडा
१२ मे

प्रिय मोती,

सात तारखेला पास झाले तेव्हा तू होतीसच. दहा तारखेचं तुला माहीत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण हे मला नीट लिहायचं होतं.

पुष्कर सकाळी साडेनऊला बदलापूरला उतरला. मी स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभी. तो मला शोधत रिक्षांच्या रांगेकडे गेला. मी हॉर्न दिला. त्याने वळून बघितलं, परत पुढे बघितलं, मग परत वळला.

“आई? गाडी कुणी आणली?”

“बस.”

“चावी दे, मी चालवतो. दमली असशील.”

“अरे, आत्ताच तर आलेय. दमले कुठे? बस, मागे रिक्षावाले ओरडतायत.”

बसला. बेल्ट लावला आणि वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. घराकडे वळायच्या ठिकाणी मी सरळ गेले. त्याने विचारलं, कुठे? मी म्हटलं, उन्नतीच्या पिशव्यांचे दोन गठ्ठे डिकीत आहेत, अकराच्या आत कॅम्प दोनला द्यायचेत, शब्द दिलाय. मग अंबरनाथ येईपर्यंत समोर टेम्पो आला की त्याचा पाय ब्रेक शोधत होता. मला गाडी चालवताना बोलता येत नाही अजून, नाहीतर त्याला चिडवलं असतं.

कॅम्प दोनला शनिवारची गर्दी. हातगाड्या, टेम्पो, मधूनच कापडाचे तागे डोक्यावर घेतलेली माणसं. दुकानापर्यंत गाडी नेली, उभी केली. एवढा मोठा सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर, पण गठ्ठे जड म्हणून त्यानेच उचलले. शेठ गल्ल्यावरून उठून आला. मला म्हणाला, “आओ मॅडम, टाइम पे आ गये.” मग पुष्करकडे बघून, “नया हेल्पर रखा है? साईं, उधर रखो, दीवार के पास. हां, धीरे से.”

पुष्करने गठ्ठे भिंतीपाशी ठेवले. “और कुछ?” असंही विचारलं. शेठने त्याला थंडगार लस्सी पाजली. तो माझा मुलगा आहे हे मी मुद्दाम लस्सी संपत आल्यावर सांगितलं. शेठने कानाला हात लावले, पुष्कर इतका हसला की लस्सीचा ठसका लागला. त्याचे वडील गेल्यापासून मी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं.

परत येताना त्याने दांडा सोडला होता. अंबरनाथच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला तेव्हा म्हणाला, “आई, तू पुण्याला येऊन काय करणार होतीस गं?”

मी म्हटलं, “ते मलाही माहीत नव्हतं. तू बोलावलंस म्हणून हो म्हटलं.”

“आणि तू हो म्हणालीस म्हणून मला वाटलं, तुला यायचंय. मला वाटायचं, तू तिथे दार लावून एकटी बसून असतेस.”

“बसले होते,” मी म्हटलं. “मार्चमध्ये एकदा.”

त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच एजंटला सांगितलं, फ्लॅट विकायचा नाहीये. पलीकडचा काहीतरी बोलत होता. पुष्कर म्हणाला, “नाही, भाव चांगला आहे. पण आई इथेच राहणार आहे. तिचं इथे काम आहे.”

मोती, ‘तिचं इथे काम आहे’ हे ऐकलं आणि मी उजवीकडचा इंडिकेटर द्यायच्या जागी वायपर लावला. कोरड्या काचेवर खर्र खर्र. दोघंही पुन्हा हसलो.

घरी आल्यावर ऋताचा फोन. रंगवलेल्या खोलीचं काय करायचं म्हणून ती जरा हिरमुसली होती. मी तिला म्हटलं, खोली तशीच ठेव, मी येणार आहे. महिन्यातून चार दिवस येईन, तुझ्या हातचं खाईन आणि परत जाईन. ती म्हणाली, “घ्यायला येऊ का आम्ही?” मी म्हटलं, नको. गाडीने येईन.

बोलून गेले खरी. आता घाटाची भीती वाटतेय.

तुझी,
उमा


उल्हासनगर कॅम्प ५
१६ मे

बाईंना मोतीचा नमस्कार.

तुमचं पत्र मी या वेळी चिमीला मोठ्याने वाचायला लावलं. सगळ्या घराने ऐकलं. कॅम्प दोनच्या शेठचं आलं तेव्हा आमचे हे खुर्चीवरून खाली पडायचे राहिले. उन्नती मशीन थांबवून ऐकत होती. शेवट झाल्यावर डोळे पुसून बोलली, “आई, मला पण गाडी शिकवाल?” मी बोलली, आधी शनिवारचा माल पूर्ण कर.

खरं सांगू बाई, ट्रिपवरून आल्यावर मला वाटलं होतं, झालं, आता संपलं, आता नुसतं मरेपर्यंत भाकऱ्या. पण मी आता रोज सकाळी डोळे उघडते तेव्हा पहिलं आठवतं आज कुठं जायचंय. कधी कॅम्प दोन, कधी बदलापूर, कधी नुसतं दोरा आणायला. लांब काय नाय. पण जायचं असतं.

घाटाची भीती बाळगू नका. पुढच्या रविवारी भल्या पहाटे निघू, ट्रक कमी असतात. चालवायचं तुम्ही. मी शेजारी बसणार, हात मांडीवर ठेवणार आणि एक शब्द बोलणार नाय.

बोलली तर खोपोलीला उतरवा मला. वडापाव खात बसीन, येताना घेऊन जा.

मोती